शेवटचं धड कधी बघितलं होतं?

आण्णांना कोल्हापुरात स्ट्रेचरवरून आत नेलं तेव्हा दुपारचे दीड वाजले होते. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरणीनं बोटाला सुई टोचून साखर बघितली, बीपीचा पट्टा गुंडाळला आणि ते करता करताच विचारलं, "यांना शेवटचं धड कधी बघितलं होतं?"

प्रश्न आमच्यापैकी कुणालाच नीट कळला नाही. काकी म्हणाली, "सकाळीच वारं गेलं की अंगावरनं."

"सकाळी म्हणजे किती वाजता?"

"मी चुलीम्होरं हुतो. हे दूध घालून आले, च्याला बसले आन् कपच सुटला हातातनं. घड्याळ कुणी बघितलंय?"

माझ्या चुलतभावाला काय सुचलं कोण जाणे, त्यानं आण्णांच्या सदऱ्याचा खिसा चाचपला. आत दूध संस्थेची पावती होती. तारीख, सकाळची पाळी, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, आणि खाली बारीक अक्षरात वेळ: 6.42. त्या वेळी आण्णांनी किटली स्वतः उचलून मापाला दिली होती आणि फॅट कमी का लागली म्हणून सचिवाशी वादही घातला होता. म्हणजे सहा बेचाळीसला माणूस धड होता. डॉक्टरणीनं पावती बघितली, भिंतीवरचं घड्याळ बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "सव्वाअकरालाच वेळ संपली हो."

आण्णांच्या पक्षाघाताची ही गोष्ट घरातली आहे, पण प्रश्न घरातला नाही. कोल्हापूर जिल्ह्याच्या बारा तालुक्यांत कुठल्याही गावात गेलात तर अशी दोन-चार घरं सापडतील. सोप्यात बाजेवर बसलेला माणूस, एक हात मांडीवर निर्जीव पडलेला, तोंडाची एक कड खाली ओघळलेली. आपण त्याला नशीब म्हणतो. मला ते मान्य नाही. त्यातल्या सगळ्यांचं नाही, पण बऱ्याच जणांचं अपंगत्व टाळता आलं असतं किंवा कमी करता आलं असतं. ते टळलं नाही याला माणसांच्या अज्ञानापेक्षा आपली व्यवस्था जास्त जबाबदार आहे, असं माझं ठाम मत आहे.

आधी शब्दाबद्दल बोलतो. पक्षाघाताला आपल्याकडं ‘वारं जाणं’ म्हणतात. शरीरातल्या वाताशी जोडलेला जुना शब्द आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण या शब्दात घड्याळ नाही. वारं गेलं म्हणजे गेलं, झालं ते झालं, आता माणसाला आडवं करायचं आणि तेल चोळायचं. छातीत कळ आली म्हटलं की तीच गल्ली कशी पळते बघा. कुणी गाडी काढतो, कुणी डॉक्टरला फोन लावतो, कुणी पैसे गोळा करतो. ‘अटॅक’ या एका शब्दानं पाय हलतात. खरं तर दोन्हीकडं घडतं ते जवळपास एकच. तिकडं हृदयाची नस तुंबते, इकडं मेंदूची. ‘मेंदूचा अटॅक’ हा शब्द आपण रोजच्या बोलण्यात आणला तर त्यानं जेवढं काम होईल तेवढं दहा शिबिरांनी होणार नाही.

मेंदू वजनानं शरीराच्या शंभरात दोन भाग, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूतला जवळपास पाचवा हिस्सा एकटा खातो. आणि साठवून काही ठेवत नाही. स्नायू थोडा वेळ उधारीवर चालतो, मेंदूला ती सोय नाही. उसाला पाणी पाजणाऱ्याला हे लवकर कळेल. पाइपलाइन तुंबली की त्या फाट्यावरचा सगळा ऊस एकदम वाळत नाही. मधला पट्टा आधी जातो, कडेचा सुकतो, माना टाकतो, पण जिवंत असतो. पाणी वेळेत सुटलं तर तो परत उभा राहतो. मेंदूचंही तसंच आहे. नस तुंबली की मधल्या पेशी काही मिनिटांत मरतात, आणि त्यांच्याभोवती एक मोठा भाग गलितगात्र होऊन पडतो, मेलेला नसतो. सगळी धडपड त्या कडेच्या भागासाठी करायची असते. मोठी नस अडली तर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात, असा हिशोब 2006 मध्ये एका अमेरिकन मेंदूतज्ज्ञानं मांडला. मी तो आकडा वाचला तेव्हा आमचा त्या दिवशीचा प्रवास डोळ्यांसमोर आला, आणि गारगोटीच्या रस्त्यावर गाडी म्हशींसाठी थांबली होती ती मिनिटंही मी मोजली.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन 1995 सालच्या अमेरिकन चाचणीनंतर वापरात आलं. तेव्हा मर्यादा, माणूस शेवटचा धड दिसल्यापासून, तीन तासांची होती, 2008 मध्ये युरोपातल्या चाचणीनं ती साडेचार तासांवर गेली. 2015 पासून जांघेतल्या धमनीतून नळी घालून मोठ्या नसेतली गुठळी थेट ओढून काढतात. निवडक रुग्णांत ते 24 तासांपर्यंत करता येतं, पण निवड मेंदूचा किती भाग वाचलाय त्यावर होते. आण्णांच्या डाव्या मेंदूचा मोठा भाग तोवर गेला होता.

साडेचार तास आहेत म्हणजे साडेचार तास निवांत, असाही अर्थ काढू नका. पहिल्या दीड तासात इंजेक्शन मिळालेल्या साधारण चार-पाच रुग्णांमागं एक जण त्यामुळं जवळपास पूर्ववत होतो. तीन तास उलटल्यावर तसा एक माणूस उभा करायला चौदा जणांना इंजेक्शन द्यावं लागतं. औषध तेच, माणूस तोच, फक्त उशीर झालेला. धोकाही लपवण्यात अर्थ नाही. 1995 च्या त्या चाचणीत शंभरातल्या सुमारे सहा जणांना मेंदूत रक्तस्राव झाला होता. म्हणूनच आधी सीटी स्कॅन लागतो. पक्षाघाताच्या बहुतेक रुग्णांत नस तुंबलेली असते, पण काहींत ती फुटलेली असते, आणि फुटलेल्या नसेला गुठळी विरघळवणारं औषध म्हणजे विष. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. कितीही अनुभवी डॉक्टर नुसतं बघून छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आता त्या सकाळी काय काय झालं ते सांगतो. साधारण सातला कप पडला. जीभ जड झाली. "काल म्हशीनं ढुसणी दिली हुती, त्येनं असंल" म्हणून पाऊण तास गेला. शेजारच्या म्हातारीनं ओळखलं की वारं आहे. मग लसूण ठेचून तेलात कडवला, उजवं अंग चोळलं. एकानं पारवा धरून आणायला पोरं पिटाळली. पारव्याचं गरम रक्त चोळलं की अंग मोकळं होतं, ही समजूत आमच्याकडं अजून पक्की आहे. पारवा सापडला नाही, वीस मिनिटं गेली. साडेआठला गावातले डॉक्टर आले. बीपी 210 होतं. त्यांनी सलाईन लावली आणि तालुक्याला न्या म्हणाले. सलाईन संपेपर्यंत थांबायचं असतं असं घरच्यांना वाटलं. साडेनऊला गाडी मिळाली. तालुक्याच्या ठिकाणी एका दवाखान्यात नंबर लावून बसलो. तिथून ‘स्कॅन करून या’ म्हणून दुसरीकडं. स्कॅनचं यंत्र चालू, पण रिपोर्ट लिहिणारे डॉक्टर यायचे होते. पावणेबाराला रिपोर्ट हातात आला आणि आम्हाला कोल्हापूरची चिठ्ठी मिळाली.

पारव्यामागं गेलेली वीस मिनिटं सगळ्यांच्या लक्षात राहतात, बोलायला सोपी असतात. शहरात ही हकिगत सांगितली की लोक लगेच "अंधश्रद्धा" म्हणून मान हलवतात. पण साडेआठपासून पावणेबारापर्यंतचे सव्वातीन तास आम्ही अंधश्रद्धेत घालवले नाहीत. ते सगळे दवाखान्यांत आणि दवाखान्यांमधल्या रस्त्यांत गेले. प्रत्येक जण आपापल्या परीनं योग्यच वागत होता, प्रत्येकानं पुढचं दार दाखवलं, आणि बरोबर दार कुठलं हे एकालाही माहीत नव्हतं. गावातल्या माणसाला आपण ‘वेळेत या’ म्हणून सांगतो, पण वेळेत कुठं यायचं ते सांगत नाही. रात्री दोन वाजता आपल्या तालुक्याच्या जवळ कुठं सीटी चालू असतं, तो वाचणारा माणूस असतो का, इंजेक्शन कपाटात असतं का, याचं उत्तर सरपंचाकडं नाही, आशाताईंकडं नाही, बहुतेक गावच्या डॉक्टरांकडंही नाही. मग तो पारवा शोधतो यात नवल ते काय?

वारं उतरवणाऱ्या औषधवाल्यांबद्दलही हेच. सीमेपलीकडं अमुक गावात झाडपाल्याचं औषध मिळतं, तीन वाऱ्या केल्या की माणूस चालतो, असं आपल्या भागात सर्रास ऐकायला मिळतं. त्यात सगळंच खोटं नसतं, माणसं खरोखर चालू लागलेली असतात. पक्षाघातानंतर पहिल्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत मेंदू स्वतःच बरंच सावरतो, सूज उतरते, शेजारच्या पेशी काम उचलतात. त्याच काळात वाऱ्या चालू असतात आणि श्रेय काढ्याला मिळतं. दुसरं म्हणजे तोंड वाकडं होणाऱ्या प्रत्येकाला पक्षाघात नसतो. चेहऱ्याची एकच शीर सुजून होणाऱ्या बेल्स पाल्सीत कपाळाला आठी पडत नाही, एक डोळा मिटत नाही, पण हात-पाय शाबूत राहतात, आणि बहुतेक जण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरे होतात. गावात मात्र दोन्हीला लकवाच म्हणतात. (यातलं कुठलं आहे ते घरी ठरवत बसू नका, दोन्हीला डॉक्टर लागतो.) फिजिओथेरपी गावात मिळत नाही, कोल्हापूरला रोज येणं परवडत नाही, आणि तो औषधवाला निदान पाठीवर हात ठेवतो. त्याच्याशी भांडण्याआधी आपण तालुक्यात एक फिजिओथेरपिस्ट बसवायला हवा.

मग करायचं काय? माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक तालुक्यात मेंदूतज्ज्ञ द्या असं म्हणणं म्हणजे काहीच न करण्याची सोय करून देणं आहे, तेवढे तज्ज्ञ देशातच नाहीत. हिमाचल प्रदेशानं 2014 मध्ये काय केलं बघा. डोंगराळ राज्य, मेंदूतज्ज्ञ शिमला आणि टांडा इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत, रुग्ण घाटांपलीकडं. त्यांनी सीटी असलेल्या जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयांतले साधे फिजिशियन तयार केले, सीटीचे फोटो मोबाइलवरून तज्ज्ञाकडं पाठवायचे, तज्ज्ञ फोनवर हो म्हणाला की तिथंच इंजेक्शन द्यायचं. औषध सरकारनं मोफत पुरवलं. नवीन इमारत नाही, नवीन यंत्र नाही. फोन होता आणि फोन उचलायची जबाबदारी कुणाची हे ठरलेलं होतं.

आपला जिल्हा त्यापेक्षा कितीतरी सोपा आहे. गडहिंग्लज-आजरा-चंदगड या पट्ट्याला एक, भुदरगड-राधानगरीला एक, शाहूवाडी-पन्हाळ्याला एक, पूर्वेकडं शिरोळ-हातकणंगल्याला एक, अशी चार ठिकाणं ठरवा. सरकारी असोत की खासगी, मला हरकत नाही. तिथं चोवीस तास सीटी, एक तयार फिजिशियन, कपाटात औषध आणि कोल्हापुरातल्या तज्ज्ञाचा फोन. 2014 पासून आपल्याकडं 108 ची सेवा आहे. पक्षाघाताचा फोन आला की ती गाडी मधले दवाखाने सोडून थेट या चारपैकी एका ठिकाणी गेली पाहिजे, आणि गाडीतल्या डॉक्टरनं वाटेतूनच ‘सीटी मोकळं ठेवा’ म्हणून कळवलं पाहिजे. चंदगडच्या माणसाला कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पुढं आणि बेळगाव त्याच्या निम्म्याहून जवळ. त्याला बेळगावला न्यायचं असेल तर त्याचीही सोय आधी ठरलेली हवी, सीमेवर गाडी बदलत बसायला वेळ नसतो. आज सगळा भार शेवटी कोल्हापुरातलं सरकारी रुग्णालय सीपीआर आणि शहरातल्या मोठ्या दवाखान्यांवर येतो, त्यात कोकणातले आणि सीमाभागातलेही रुग्ण. तिथल्या माणसांनी कितीही जिवापाड काम केलं तरी दीड वाजता पोचलेल्या रुग्णाचे गेलेले तास ते कुठून आणणार?

खर्चाचा मुद्दा येणार, म्हणून सांगतो. औषध महाग आहे हे खरं. पण आण्णांच्या घरी गेल्या तीन वर्षांत काय गेलं त्याची बेरीज मी केली आहे. दोन म्हशी विकल्या. चुलतभावानं गोकुळ शिरगावच्या कारखान्यातली नोकरी सोडली, कारण आण्णांना उचलायला घरात पुरुषमाणूस लागतो. काकीची पाठ गेली. सरकारी योजनेच्या कार्डावर दवाखान्याचं बिल दिसतं, घरातलं हे दिसत नाही.

आणि मुळात नस तुंबूच नये यासाठी जे करायचं ते तर स्वस्त आहे. रक्तदाब. पक्षाघाताचं सगळ्यात मोठं कारण तेच, आणि सगळ्यात जास्त आटोक्यात येणारंही तेच. आण्णांना बीपीची गोळी चालू होती. एकदा तपासलं तर 130 आलं, म्हणून त्यांनीच बंद केली. "बरं झाल्यावर गोळी कशाला?" गोळी चालू आहे म्हणून 130 आलंय, हे त्यांना कुणी बसून सांगितलं नाही. वर रोज जेवताना लोणचं, खारी मिरची आणि दिवसभर तंबाखूची चिमूट. बायकांच्या मिश्रीचंही तेच, ती तंबाखूच आहे, दात घासायला वापरली म्हणून रक्तात जायची थांबत नाही.

इथं मला दूध संस्था आठवते. आशाताई आणि आरोग्यसेविका तीस वर्षांवरच्यांचं बीपी तपासतात, पण घरोघर फिरून माणूस सापडेल तेव्हा. आपल्या जिल्ह्यात जवळपास गावोगाव दूध संस्था आहे आणि घरातलं कुणीतरी दिवसातून दोनदा, ठरल्या वेळी, तिथं रांगेत उभं असतं. म्हशीच्या दुधाची फॅट दोन वेळा मोजतो, माणसाचं बीपी महिन्यातून एकदा तिथंच मोजायला काय हरकत आहे? एक यंत्र, एक वही. सचिवाला वाचता-लिहिता येतं, हिशोब चोख असतो, आणि पावतीवर वेळ छापून येते हे तर आम्ही बघितलंच. संघांनी मनावर घेतलं तर एका हंगामात हे होईल. त्याच भिंतीवर तीन खुणा लिहाव्यात: हसायला सांगा, तोंड एका बाजूला ओढतंय का. दोन्ही हात समोर धरायला सांगा, एक खाली येतोय का. बोलायला सांगा, शब्द अडखळतात का. यातलं एकही झालं तर घड्याळ बघा, 108 लावा. पाणी पाजू नका, श्वासनळीत जातं. घरातली बीपीची गोळी जिभेखाली ठेवू नका, दाब एकदम उतरला तर तो कडेचा पट्टाही मरतो. आणि पाच-दहा मिनिटांत सगळं आपोआप सुधारलं तरी घरी बसू नका. तो इशारा असतो, पुढच्या दोन दिवसांत धोका सगळ्यात जास्त.

बोलायला सांगताना एक काळजी घ्या, ही मला आण्णांकडून कळली. त्यांची वाचा गेली. भाकरी, पाणी, माझं नाव, काहीच येत नाही, ओठ हलतात आणि डोळ्यांत पाणी येतं. पण चैत्र यात्रेला वाडीरत्नागिरीच्या ज्योतिबाला जाऊन आलेली सासनकाठी दारावरून गेली तेव्हा बाजेवरून आण्णांचा आवाज आला, खणखणीत: "ज्योतिबाच्या नावानं चांगभलं!" काकी चुलीपासून धावत आली. आम्हाला वाटलं वाचा फिरली. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की आयुष्यभर घोकलेलं, गायलेलं, मोजलेलं मेंदू वेगळ्या वाटेनं बाहेर काढतो, विचार करून शब्द जुळवायची वाट बंद असली तरी. म्हणून एखाद्यानं आरती म्हटली, एक ते दहा मोजले, म्हणजे तो ठीक आहे असं समजू नका. आज दूध किती झालं, थोरल्या नातीचं नाव काय, असलं काहीतरी विचारा, ज्याचं उत्तर शोधून काढावं लागतं.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या गावच्या संस्थेनं असा फलक रंगवून घेतला. मजकूर मी लिहून दिला, पेंटरनं मोठ्या लाल अक्षरांत काढला, बीपीचं यंत्र चेअरमननी स्वतःच्या पैशातून आणलं. खाली 108 आहे. त्याखाली ‘रात्री सीटी स्कॅन आणि इंजेक्शनची सोय असलेलं सर्वांत जवळचं ठिकाण’ एवढं लिहून पुढं दोन टिंबं दिली आहेत. त्यापुढं काय लिहायचं हे मी चार ठिकाणी जाऊन विचारलं. दोन ठिकाणी पत्रही दिलं आहे, पोच घेऊन. पेंटर परवा भेटला, म्हणाला, रंग शिल्लक ठेवलाय, नाव कळलं की लगेच या.